बाबांना निरोप सांगताना

दादा,

अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबांना आपलं बोलणं कळलं की त्यांची डावी भुवई जरा वर जाते. नाही कळलं, तर ते नुसतं "हो हो" म्हणतात. मी आठवडाभर टिपून ठेवलंय. "आत्या उद्या येणार असल्याचं म्हणत होती" असं सांगितलं की भुवई ढिम्म. तेच आत्याच्या ठसक्यात "काय रे आळशा, ऊठ, उद्या येतेय मी!" म्हटलं की भुवई वर, शिवाय हसू.

तेव्हा तू त्यांना बातम्या वाचून दाखवल्यासारखं सांगू नकोस. ज्याचं बोलणं, त्याच्याच तोंडचं सांग. नक्कल फसली तर हसतील, एवढंच.

मला मिळालेल्या परगावच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीबद्दल मीही त्यांना चारदा असंच बातम्यांसारखं सांगितलं होतं. चारही वेळा "हो हो." खरं तर मला ते सोयीचंच होतं. आज सकाळी तिथल्या मॅडमच्या आवाजात सांगितलं, "येणार आहेस की नाही? जागा किती दिवस अडवून ठेवू?" भुवई वर गेली. बाबा माझ्याकडे बघत राहिले, उत्तराची वाट बघत.

मग मला बोलावंच लागलं.

"बाबा, मी जातेय. एक तारखेपासून तुमच्याजवळ दादा असेल."