तपासणीला मार्क नाहीत

२ जानेवारी
संकल्प: यंदा पेशंटचं नीट ऐकायचं. तसं मी ऐकतोच. सव्वीस वर्षं तेच करतोय. पण कंपाउंडर म्हणतो, पेशंट बाहेर येऊन त्यालाच विचारतात की डॉक्टर काय म्हणाले. लोकांचं लक्षच नसतं, दुसरं काय!

५ जानेवारी
डॉक्टरांच्या संघटनेने पेशंटशी कसं बोलावं याचा कोर्स यंदाही काढलाय. शेवटी परीक्षा. नाव घातलं. मला गरज नाही. पण मागच्या गल्लीतल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी केलाय आणि त्यांच्याकडे हल्ली बसायला जागा नसते.

१२ जानेवारी
पहिला तास. थोडं पुढे झुकून बसा. डोळ्यांत बघा. मध्ये तोडू नका. शेवटी विचारा, आणखी काही? हॅ! एवढंच? सर दोनदा म्हणाले, मला बोलू द्या. मी फक्त त्यांची वाक्यं पूर्ण करत होतो.

१४ जानेवारी
क्लिनिकमध्ये प्रयोग. पहिल्याच आजीबाईंना मनसोक्त बोलू दिलं. गुडघ्यावरून सुनेवर, सुनेवरून शेजारणीवर. बाहेर रांगेत आरडाओरडा. प्रयोग तूर्त बंद. सराव घरी करावा.

१५ जानेवारी, रात्री जेवणानंतर
बायकोला पेशंट केलं. आधी म्हणाली, काहीतरीच तुमचं. मग हसत बाहेर गेली आणि दार वाजवून आत आली. खोकला, पित्त, चक्कर, सगळं झकास करते. माझ्या एका पेशंटबाईंची नक्कल केली, हसून हसून पोट दुखलं. कित्येक वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो. स्वतःला दहापैकी सात. मी कडक आहे.

१ फेब्रुवारी
आज हिने कमाल केली! दार वाजवलं, बसली, पदर सारखा केला. मग म्हणाली, डॉक्टर, आंघोळ करताना छातीत गाठ लागली हाताला. महिना होत आला. नवऱ्याला सांगितलं नाही, ते कामात असतात. डोळ्यांत चक्क पाणी. मी झुकलो, मध्ये एक शब्द बोललो नाही. तुमची काळजी मी समजू शकतो, म्हटलं. बहुतेक गाठी साध्याच असतात, असा धीर दिला. आणखी काही? तेही विचारलं. तिने विचारलं, तपासणार नाही का? मी हसलो. म्हटलं, वेडाबाई, परीक्षा बोलण्याची आहे, तपासणीला मार्क नाहीत. ती उठून भांडी आवरायला गेली.
नऊ.

८ फेब्रुवारी
परत तीच गाठ. म्हटलं, अगं, केस बदल की. म्हणाली, दुसरी सुचत नाही. बिचारीची कल्पनाशक्ती आटली. सराव पुरे.

१९ फेब्रुवारी
घरात शांतता. मी आता कुणाला मध्ये तोडत नाही आणि ही काही बोलत नाही, त्यामुळे असेल. मेव्हणी आली होती. दोघी बाहेर गेल्या, खरेदीलाच असणार. हात हलवत परत आल्या. एवढ्या वेळात एक वस्तू पसंत पडू नये! विचारायला हवं होतं. पण कोर्सच्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण राहिलं होतं.

२ मार्च
परीक्षेत पहिला! परीक्षक म्हणाले, पेशंटने न सांगितलेलं तुम्हाला ऐकू येतं. येताना हिच्यासाठी फुलं घेतली. श्रेय तिचंही आहे, उगाच कशाला नाकारा.

२ मार्च, संध्याकाळ
दार मेव्हणीने उघडलं. म्हणाली, रिपोर्ट आला. मी विचारलं, कुणाचा? तिने तो माझ्या हातात दिला. वर हिचं नाव.
गाठ मी आज तपासली. बोटांना लगेच कळलं. फुलं तशीच कागदात आहेत.

५ मार्च
मागच्या गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. हिने मेव्हणीबरोबर आधीच त्यांना दाखवलं होतं. आज मी पहिल्यांदाच पेशंटच्या बाजूच्या खुर्चीत. बाई हिचा हात धरून बसल्या. त्यांनी विचारलं, घरी कुणाला सांगितलं होतंत का? ही म्हणाली, ह्यांना सांगायचं राहूनच गेलं.
माझी लाज राखली हिने. मला तिथल्या तिथे रडू आलं.

६ मार्च, दुपार
क्लिनिक बंद ठेवलं. तिला म्हटलं, बोल, मी ऐकतो. तिने विचारलं, कोण म्हणून बोलू, पेशंट की बायको? म्हटलं, बायको. ती म्हणाली, बायको आज फार दमली आहे हो. आणि कुशीवर वळली.
मी खुर्ची पलंगाजवळ ओढून बसलोय. थोडा पुढे झुकून, शिकवलं तसा. ती झोपली आहे.