शून्य क्रमांकाची माशी

अप्पा,

आज प्रयोगशाळेतून निघताना तुमच्या हातच्या त्या पाच चिठ्ठ्या पुन्हा भिंगाखाली पाहून आले. शाई तपकिरी झालीय, अक्षर मात्र तसंच आहे, तांदळाच्या कणीएवढं आणि ताठ.

मी प्राणिशास्त्र घेतलं, त्यातही माश्या, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "जगात एवढं पडलंय, आनि तुला माश्याच दिसल्या व्हय?" मग तो विषय घरात निघालाच नाही. तुम्ही कॉलेजात गणित शिकवायचात आणि उरलेला वेळ पाच मितींच्या भूमितीत राहायचात. तीन दिशा आपल्या ओळखीच्या, चौथा काळ, आणि पाचवी कुणाला न दिसणारी. ती आहे असं धरलं तर गुरुत्वाकर्षणाची समीकरणं आणखी काही बोलू लागतात, असं तुम्ही मला लहानपणापासून शेजारी बसवून सांगत आलात. पुढे मी तिथंच येणार, असं तुम्ही धरून चालला होतात. बोलून कधी दाखवलं नाहीत. म्हणूनच मला ते जास्त कळत होतं.

नव्वदच्या दशकातली ती संध्याकाळ. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी तुम्ही बसलाय. टंकलेखकाकडून तुमचा शोधनिबंध आलाय. त्याच्या यंत्रावर तुमची चिन्हं नाहीत, म्हणून प्रत्येक समीकरणाची जागा त्यानं कोरी सोडलीय आणि बारीक निबेनं तुम्ही ती भरताय. अक्षराच्या डोक्यावर एक आकडा, पायाशी एक. समोर मी. शाहूवाडीकडच्या ओढ्यावरून आणलेल्या पाच माश्या, चमकदार हिरव्या अंगाच्या, लांब पायांच्या, टाचणीला लावून ठेवल्यात. प्रत्येकीच्या खाली खोचायला नखाएवढी चिठ्ठी लागते: गाव, उंची, तारीख, क्रमांक. आई भाकरी थापता थापता ओरडते, "बाप आकाश मोजतोय, लेक माश्या मारतीया! जेवाय कोन येनार हाय का न्हाय?"

तुम्ही माझी चिठ्ठी उचलून बघता. "हे अक्षर हाय का मुंगी मेलीया? आण हिकडं."

पाचही चिठ्ठ्या तुम्हीच लिहिल्यात. मी वाचल्या आणि हसायलाच लागले. क्रमांक शून्य ते चार!

"अप्पा, पहिली माशी शून्य कशी?"

"आमच्यात समीकरण लिवताना काळाला शून्य नंबर असतोय. पयला त्यो, मग बाकीच्या दिशा."

"माशीला काय करायचाय काळ?"

"तिलाच तर लागतोय. किती दिस जगती ती?"

"ही भाकरी गार व्हाय लागली," आई म्हणाली, "हिला बी शून्य नंबर द्या."

संग्रहात शून्य क्रमांक कुणी देत नाही. तरी मी त्या चिठ्ठ्या बदलल्या नाहीत. पुढं तुमचा हात कापू लागला, माझ्या चिठ्ठ्या मीच लिहू लागले, आणि मग तुम्ही गेलात. त्या संध्याकाळी तुम्ही मला माझ्या वाटेनं जाऊ दिलंत, की नुसतं माझं अक्षर बघवेना म्हणून पेन घेतलंत, हे विचारायचं राहूनच गेलं.

आता सांगायची गोष्ट. परदेशातल्या संग्रहांतून मागवलेली छायाचित्रं मी या महिन्यात जुळवून पाहिली. त्या पाच माश्यांची जात आजवर कुणी नोंदवलेलीच नाही. अशा वेळी एक नमुना प्रमाण म्हणून निवडायचा असतो. पुढे कुणालाही शंका आली तर त्याच्याशीच ताडून पाहायचं. सगळ्यात चांगली टिकलीय ती तुमची शून्य क्रमांकाची. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, हा शून्य चुकून पडलाय वाटतं. दुरुस्त करू?" मी म्हटलं, राहू दे.

नव्या जातीला आपल्या माणसाचं नाव द्यायची आमच्यात रीत आहे. दुसरं कुणाचं नाव मनात आलंच नाही. निबंध लिहून झालाय, कॉम्प्युटरवर आता सगळी चिन्हं उमटतात, तरी नावाची जागा मी कोरी ठेवलीय. सगळ्यांना सांगते की पायांवरचे केस अजून तपासायचेत.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. केस कधीच तपासून झालेत, अप्पा. तुमचं नाव लिहिलं की आपण दोघांनी मिळून केलेलं एकुलतं एक काम संपेल. आणि कोऱ्या जागा तर तुम्ही भरायचात.