आपल्या विहिरीचं पाणी

दादा,

पर्यावरणशास्त्राच्या प्रकल्पासाठी मी आपल्या विहिरीचं पाणी विद्यापीठात तपासलं. त्यात विषारी क्रोमियम निघालं, तुझ्या कारखान्यात वापरतात तेच. सरांनी विचारलं, “कुठल्या गावचं पाणी हे?” तुझी नोकरी जाईल या भीतीनं मी गप्प बसले. त्यात काल कारखान्याची दोन माणसं विभागात येऊन, विहिरी कोण तपासतंय असं विचारून गेली. तेव्हापासून हॉस्टेलबाहेर पडवत नाही.

पण वहिनीला सातवा महिना आहे, म्हणून आज तिला फोन केला. “वहिनी, विहिरीचं पाणी पिऊ नका.”

ती म्हणाली, “ताई, मी कुठं पिते? हे कामावरून माझ्यापुरता जार आणत्यात. वस्तीत कुणाला सांगू नको म्हणले.”

म्हणजे तुला ठाऊक होतं. शेजारच्या राजाबाईकाकूची लेकरं रोज तेच पाणी पितात, हेही तू बघत होतास.

फोन ठेवला आणि सरांना गावाचं नाव सांगून आले. ते कळल्यावर तू काय करशील, मला सांगता येत नाही. आजवर तुझा धाक कधी वाटला नव्हता. आता दारावर थाप पडली की वाटतं, तूच आला असशील. म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुझी धाकटी,
कालिंदा