जोर कुठल्या लाटीवर

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि गेल्या महिन्यात मी पुन्हा तुझी परात खाली काढली. मध्यंतरी मला अर्धांगाचा झटका येऊन गेला. हातपाय सावरले, जीभ मात्र जडच राहिली. तुझ्यासारखीच मीही इंग्रजी शिकवते. वर्गात उभं राहून बोलता येईना तर घरीच बसायचं. नुसत्या विचारानेच जीव घाबरा व्हायचा.

लहानपणी मी किती अडखळायचे, आठवतंय ना? धड्यात 'रिस्पॉन्सिबिलिटी' आलं की पहिल्या 'रि'वरच माझी गाडी बंद, आणि आपल्या लक्ष्मी गेट मोहल्ल्यातल्या सगळ्या पोरी फिदीफिदी हसायच्या. शाळेत जाणारच नाही म्हणून मी हटून बसले. वाटलं, आता ओरडा बसणार. तू पोळ्या करत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "अख्ख्या गोळ्याची पोळी कुणी लाटतं का गं? आधी तोड." आणि कणकेच्या लाट्या ओळीने मांडल्यास: रि, स्पॉन, सि, बि, लि, टी. 'बि'ची लाटी चांगली मोठी. "जोर हिच्यावर. बाकीच्यांना नुसता हात लावून पुढे जा." मग शेवटच्या लाट्या उचलल्यास. "आता शेपूट बदललं, नुसतं 'रिस्पॉन्सिबल' राहिलं. मोठी लाटी कुठे जाईल? इकडे, 'स्पॉन'वर. शेपूट बदललं की जोर सरकतो, बघ." बाई गं, काय डोकं होतं तुझं! पुढे मी एवढी जाडजाड पुस्तकं वाचली, पण इतकं सोपं करून कुणी सांगितलं नाही. त्या दिवशी बाबांच्या ताटात एक भलीमोठी पोळी आणि बाकी पुरीएवढ्या पडल्या. बिचारे गुपचूप जेवले.

तर गेल्या महिन्यात मी परात पुढ्यात घेऊन बसलेय, लाट्या तोडतेय, पुटपुटतेय. दारात माझी लेक, इथल्या हिंदीतच वाढलेली, फोन कानाला, थोरल्या भावाला सांगतेय, "भैया, जल्दी आओ, मम्मी आटे से बात कर रही हैं!" मला असं हसू फुटलं म्हणून सांगू! आणि त्या हसण्याच्या भरात 'रिस्पॉन्सिबिलिटी' अख्खं बाहेर पडलं, जोर अगदी जागच्या जागी. लेकीने फोन ठेवला, डोळे पुसले आणि परातीशी येऊन बसली. "मम्मी, मला पण दाखव ना," म्हणाली, चक्क मराठीत. तेव्हापासून रोज आम्ही दोघी बसतो, आणि पोळ्या रोज लहानमोठ्या होतात.

उद्यापासून मी पुन्हा वर्गावर जाणार. पर्समध्ये डबीत एक लाटी ठेवलीय, हसू नकोस. हे पत्र पाठवायचं तरी कुठे? घडी करून परातीखाली ठेवते. खरं तर हे सगळं तुझ्या फोटोसमोर उभं राहून तोंडानेच सांगणार होते. लांबलचक शब्द आता सगळे जमतात गं. पण 'आई' म्हणायला गेले की रडूच येतं, आवाज फुटत नाही. म्हणून लिहिलं.