खोल पोटाची बोट

जांभूळथडी, ता. राहुरी
४ मे २०२५

चि. सौ. आरतीस,
आईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. कैरीचं लोणचं घातलं, तुझी बरणी जावईबापू आदिनाथराव आले की त्यांच्या गाडीवर देईन. पण तुझ्या तात्यांचं काही ठीक नाही. आषाढात होडी उलटली त्याला आता दहा महिने होतील. सतराच्या सतरा माणसं छातीएवढ्या पाण्यातून चालत बाहेर आली, कोणाला खरचटलं नाही. तरी ह्यांनी त्याच दिवशी होडीची किल्ली होडीवर त्यांच्या हाताखाली असलेल्या गोरक्षनाथाला दिली आणि घरी येऊन बसले. एकतीस वर्षं धरणाच्या ह्या काठावरून त्या काठाला माणसं नेली, आणि आता पाण्याकडे पाठ करून खाट टाकतात. खिडकीला पोतं लावून घेतलंय.

फोनवर तू बोललेलं त्यांना ऐकू येत नाही, कानातलं यंत्र फोनजवळ आणि वाऱ्यात नुसतं शिट्ट्या मारतं. म्हणून पत्र लिही. तुझं पत्र ते चार वेळा वाचतात, मी मोजलंय. काय करता येईल ते तूच बघ. मी कळवलं हे मात्र त्यांना समजू देऊ नकोस.

मुलांना गोड पापा. माया आहे तशीच असू दे.
तुझी आई

*

शेवगाव
१२ मे २०२५

तीर्थरूप तात्यांस,
आरतीचा शि. सा. न. वि. वि.

शाळेला सुट्टी लागली. पेपर तपासून डोळ्यांची वाट लागली आहे, आणि नळाला पाणी आठवड्यातून एकदा, त्यामुळे तुमच्या धरणाची आठवण दर बादलीला येते.

एक गंमत सांगायची आहे. आदिनाथच्या मोबाईलच्या दुकानात एकाने दुरुस्तीला रिमोटची बोट आणली. काठावर उभं राहून चालवायची, खरीखुरी पाणी कापत जाते. मला इतकी आवडली की जूनमध्ये तुम्हाला पासष्ट लागतील तेव्हा तुम्हाला अशीच एक द्यायची असं ठरवून टाकलं. नाही म्हणायचं नाही. पुण्यातल्या एका दुकानाकडून माहिती मागवली, तिचे कागद सोबत जोडले आहेत. दोन बोटी मनात भरल्या. एक लाल, दोन पोटांची, बॅटरीवरची, चित्रात तर ती पाण्याला टेकलेलीच दिसत नाही. दुसरी पांढरी, लांबट, गॅसवर चालणारी. दुकानदार म्हणतो, पाणी मोठं असेल, वारा-लाटा असतील तर गॅसचीच घ्या. मला त्यातलं काय कळणार? तुम्ही सांगा.

काठावर खुर्ची टाकून निवांत चालवा. उलटली तरी बिघडत नाही, तिच्यात कोणी माणूस बसलेला नसतो.

आईला नमस्कार. तुमची कृपादृष्टी आहे, ती अशीच राहो.
तुमची आरती

*

जांभूळथडी
१९ मे २०२५

चि. सौ. आरतीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. गॅसची बोट नको. तुझ्या आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली की घरातला एक सिलिंडर बंद आहे की नाही ते मी दिवसातून चारदा बघते, आता दुसरा पाण्यावर सोडायचा का. मी तिला समजावलं की सिलिंडर बोटीपेक्षा जड, म्हणजे बोट सुटल्याबरोबर तळाला जाईल, काळजीचं कारण नाही. शेगडीही सोबत येत असेल तर चहाची सोय होईल.

तू शिकवणारी बाई, शब्द जपून वापरतेस असं मला वाटायचं. माणूस बसलेला नसतो म्हणून उलटली तरी बिघडत नाही, हे तुझं वाक्य मी पुष्कळदा वाचलं. बरोबर आहे. माझ्या हातात आता तेवढंच द्यावं, असं सगळ्यांचं मत असणार. तुझ्या आईने तुला कळवलेलं दिसतं. ती पोस्टाकडे गेली तेव्हा पदराखाली काय होतं, ते बघायला कान लागत नाहीत.

खेळण्याचं माझं वय नाही. शाळेतल्या पोरांना दे.

मुलांना आशीर्वाद. बाकी काय लिहू.
बिभीषण

*

शेवगाव
२७ मे २०२५

तीर्थरूप तात्यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी रडले. खाली ‘तात्या’ न लिहिता नाव लिहिलंत, त्याचं जास्त लागलं. ते वाक्य मूर्खपणाचं होतं. लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे फक्त ती बोट होती, तुम्ही नव्हतात, आणि हेच मला माफ करता येत नाही. तुम्ही करा.

गॅसचा घोळही माझाच. ही माहिती मुळात अमेरिकेतली, आणि तिकडे पेट्रोललाच गॅस म्हणतात. मी शब्द उचलला आणि तसाच ठेवून दिला. आदिनाथला तुमची शेगडी वाचून दाखवली तर तो इतका हसला की बाहेरचं गिऱ्हाईक आत डोकावलं. आपल्याकडे फवारणीच्या पंपाला असतं तसलं इंजिन आहे ते. दोरी ओढून चालू करायचं, पेट्रोलमध्ये ऑईल मिसळायचं. आईला सांगा, सिलिंडर नाही.

आता खरं लिहिते. आईने कळवलं होतं. पण खेळणं देऊन तुम्हाला गप्प बसवायचं आमच्या दोघींच्याही मनात नव्हतं. तुम्ही पाण्याकडे तोंड करून बसलेले मला बघायचे आहेत, बस्स. लहानपणी वर्गात बाकीच्या पोरी सांगायच्या, आमचे वडील शेतात गेलेत. मी सांगायचे, आमचे तात्या पलीकडे गेलेत, येतील. आणि तुम्ही यायचात. गेले दहा महिने तुम्ही पलीकडेही नाही आणि घरातही नाही.

बोट मात्र मी घेणारच. तुम्हाला नको असेल तर शाळेला देईन. दहा जूनपर्यंत दुकानदाराला कळवायचं आहे. तुमचं पत्र आलं नाही तर मी लाल मागवते, तिचं चित्र फार सुरेख आहे.

राग आहे तो माझ्यावर काढा, पण पत्र लिहा.
तुमची आरती

*

जांभूळथडी
३ जून २०२५

चि. सौ. आरतीस,
आशीर्वाद.

लाल मागवू नकोस.

दोन पोटांची बोट सपाट पाण्यावर पळते, कारण दोन पोटांच्या मधून वारा शिरतो आणि तिला अर्धी उचलून धरतो. आपल्याकडे आषाढात डोंगराच्या खिंडीतून वारा सुटला की तोच वारा तिला खालून हात घालून पालथी करील. मोठ्या पाण्याला एकच पोट हवं, खोल, आणि खाली लाट कापणारी धार. लांबी चार फुटांच्या आत नको. बोट लाटेपेक्षा आखूड पडली की प्रत्येक लाटेत नाक खुपसते. वजनही हवं. बॅटरीवाली हलकी, वर दहा मिनिटांत दमणार, आणि इथे लाईट गेली की तिला घेऊन मी राहुरीला जाऊ का? पांढरीच घे, तुझी गॅसची.

पण घेण्याआधी त्या दुकानदाराला विचार की पालथी पडली तर आपली आपण सुलटी होते का. तू पाठवलेल्या कागदात लिहिलंय की काहींच्या एका कुशीला पाणी भरणारा कप्पा असतो, त्या वजनाने ती वळते. तसली पाहिजे. रिमोटचा संपर्क तुटला तर इंजिन मंदावतं की तसंच पळत सुटतं, तेही विचार. इंजिन थंड ठेवायला बाहेरचं पाणी आत घेते त्या नळीला जाळी असावी, आपल्याकडे शेवाळ फार. ऑईल पंचविसाला एक, म्हणजे लुनाला घालायचो त्यापेक्षा जरा दाट. ते मी बघतो.

आता त्या दिवसाचं लिहून टाकतो, तुझ्या आईलाही हे सांगितलेलं नाही. पलीकडून सप्ताह आटोपून भजनाची मंडळी परत येत होती. मी मागे सुकाणूला, ती सगळी माझ्याकडे तोंड करून बसलेली. लाट माझ्या पाठीमागून आली. त्यांनी ओरडून सांगितलं, काठावरच्यांनाही ते ऐकू गेलं म्हणतात. मला नुसती उघडी तोंडं दिसली. मला वाटलं, भजन म्हणताहेत. मी हसून मान डोलावली, आरती.

कोणी दगावलं नाही हे खरं. कान गेले त्याचंही मला एवढं नाही, वय झालं, इंजिनाशेजारी एकतीस वर्षं बसलो. पण माझ्या भरवशावर बसलेल्या माणसांनी हाक मारली आणि मी मान डोलावली. त्यानंतर कोणी मला पाण्याबद्दल काही विचारलं नाही, आणि विचारू नये हेच बरोबर आहे.

तुझ्या त्या वाक्याचं मनावर घेऊ नकोस. मी घेतलं होतं, आता सोडलं.

आदिनाथरावांना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. जीव आहे तुझ्यावर, एरवी लिहीत नाही.
तात्या

*

जांभूळथडी
६ जुलै २०२५

चि. सौ. आरतीस,
आईचे आशीर्वाद.

बोट पोचली. पांढरी, लांबडी, तुझ्या धाकट्याला आत झोपवता येईल एवढी. ह्यांनी पहिले दोन दिवस तिला हात लावला नाही, नुसते तिच्याभोवती फिरत होते. तिसऱ्या दिवशी खिडकीचं पोतं काढलं, का तर खोलीत उजेड हवा म्हणे, स्क्रू दिसत नाहीत.

आता सांगते कसं चालू करतात ते. दोरी ओढतात, तळहात इंजिनाच्या झाकणावर ठेवतात आणि डोळे मिटतात. मग जरासा स्क्रू फिरवतात, परत हात ठेवतात. गोरक्षनाथ म्हणतो की त्याला कानाने न समजलेली कुरकुर तात्यांना हाताने समजते. पाण्यात सोडली त्या दिवशी वळणावर पालथी पडली आणि आपली आपण सुलटी झाली, तेव्हा हे मोठ्याने हसले. आपण किती मोठ्याने हसतो ते त्यांना कुठे कळतंय. काठावरची सगळी माणसं वळून बघायला लागली.

पाणी चढलंय आणि वारा सुटलाय. परवा गोरक्षनाथच घरी आला. पाण्याच्या मध्यावर खिंडीसमोर काय चाललंय ते काठावरून कळत नाही, तर होडी सोडायच्या आधी तुमची बोट तिथपर्यंत पाठवून बघा, असं त्याने खुणेने सांगितलं. मला वाटलं, नाही म्हणतील. मग चप्पल घालायला लागले.

आता रोज सकाळी जातात. जेवायला हाका मारून उपयोग नाही, मला काठापर्यंत जावं लागतं. तेवढी तक्रार आहे.

पोरांना घेऊन ये. माया वाढू दे.
तुझी आई

*

जांभूळथडी
२० जुलै २०२५

चि. सौ. आरतीस,
अनेक आशीर्वाद.

बोटीचा प्लग गेला, तसलाच दुसरा आदिनाथरावांना मागवायला सांग. कशाने गेला ते लिहितो.

गुरुवारी बाजाराला जाणारी अठरा माणसं काठावर होती. मी बोट सोडली. निम्म्यापर्यंत बरी गेली, मी तिला एक लाल चिंधी बांधली आहे ती दिसत होती. खिंडीसमोर आली आणि आडव्या लाटेने पालथी केली. सुलटी झाली, पुन्हा पालथी. तिसऱ्यांदा सुलटी झाली पण इंजिन बंद पडलेलं. मी रिमोट खाली ठेवला आणि दोन्ही हात आडवे करून गोरक्षनाथाला सांगितलं की आज नाही.

त्यातला वाल्मिक भडकला. त्याच्या दुधाच्या चार किटल्या होत्या, उशीर झाला की डेअरी दूध घेत नाही. तो गोरक्षनाथापुढे हात नाचवून बोलत होता. तुझ्या आईने मला नंतर सांगितलं की तो म्हणत होता, खेळण्याच्या भरवशावर दूध नासवायचं का, आणि तेही एकदा होडी बुडवलेल्या माणसाच्या सांगण्यावरून. त्याचं अगदीच चूक नव्हतं. चार फुटांची बोट जिथे पडते तिथे तीस फुटांची होडी पडेलच असं नाही. दुसऱ्या गोष्टीबद्दल तर मी काय बोलणार? मी मान खाली घालून उभा राहिलो, आणि गोरक्षनाथाने होडी सोडलीच तर अडवायचं नाही असं मनाशी ठरवलं.

तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याने होडीचा दोर हातात घेतला, खुंटाला आणखी एक वेढा दिला आणि गाठ मारली. मग माझ्यासमोर येऊन उभा राहिला, मला ओठ दिसावेत म्हणून, आणि वाल्मिककडे न बघता म्हणाला, “तात्या न्हाई म्हनले, मंग न्हाई.”

ते मला वाचता आलं.

माणसं खाली बसली. एका म्हातारीने पिशवीतून शेंगा काढून वाटल्या. थोड्या वेळाने वाल्मिकही बसला, किटल्यांवर ओला पंचा टाकून. त्याच्या दोन किटल्या नासल्या, ते मला लागलं, मी त्याला तसं सांगितलं. त्याने हाताने असू द्या अशी खूण केली. दुपारी वारा पडला आणि सगळी पलीकडे गेली. बोट संध्याकाळी पलीकडच्याच काठाला सापडली, गोरक्षनाथ खांद्यावर घालून घेऊन आला.

सकाळीच निघाली असती तर होडी कदाचित सुखरूप गेलीही असती. हे मला ठाऊक आहे, आणि त्यांनाही असणार. पण कोणी तसं म्हणालं नाही. चार तास, आरती, अठरा माणसं पाण्याच्या कडेला बसून होती, कारण मी नाही म्हणालो होतो.

प्लगचं विसरू नकोस. मुलांना आशीर्वाद, आणि तुझा लोभ मला पुरून उरतो आहे.
तात्या