कापलेला कोपरा

प्रिय बाबा,

आज शुक्रवार. आठवड्याची सुट्टी, लूम बंद, त्यामुळे गल्लीत एकमेकांचं बोलणं ऐकू येतंय. परवा रविवारी आमचा पुरस्कार सोहळा आहे आणि मी सकाळपासून एका जागी बसलेली नाही. आईला सांगितलं तर ती लिंबूपाणी करून देते. माझ्या जोडीने हा सोहळा भरवणाऱ्या सलीमभाईंना सांगितलं तर ते त्यांच्या दोन काळज्या वर माझ्या पदरात टाकतात. म्हणून तुम्हाला लिहितेय. तुम्ही जाऊन दीड वर्ष झालं आणि हे पहिलंच पत्र. तुम्ही होतात तेव्हा तरी कुठे लिहिलं होतं म्हणा! एका घरात राहून कोण कोणाला पत्र लिहितं?

हसू नका, पण भिवंडीतल्या डिझाइनवाल्यांना पुरस्कार द्यायचा घाट घातलाय मी. बॅनरवाले, लग्नपत्रिकावाले, साडीच्या काठाची नक्षी काढणारे, ट्रकच्या मागे मोर रंगवणारे, काल्हेरच्या गोदामांसाठी खोक्यांवरची लेबलं करणारे, सगळे. या गावात वाढदिवसापासून तेराव्यापर्यंत काहीही आमच्याशिवाय होत नाही, पण आम्हाला शाबासकी कोण देणार? आम्हीच. बक्षीस म्हणून लूमवर सूत घेऊन धावणारे जुने लाकडी धोटे पॉलिश करून घेतलेत. भंगारात चालले होते बिचारे.

शाळेचा हॉल मिळालाय, पण माणसं येतील का? जो भेटतो तो एकच विचारतो, "अध्यक्ष कोण? बॅनरवर फोटो कुणाचा?" मी म्हणते, कुणाचाच नाही. समोरचा माझ्याकडे असं बघतो, जणू मी वरातीत नवरदेवच विसरलेय. आयुष्यभर चाळीस-चाळीस चेहरे एका बॅनरवर कोंबले आम्ही, कुणाचा मोठा, कुणाचा लहान यावरून शिव्या खाल्ल्या. आता स्वतःच्या कार्यक्रमात तरी ते नको! पण त्यामुळे कोण कोण रुसलंय ते रविवारी कळेल.

आणि प्रवेशिकांचा घोळ तर विचारूच नका. मी नियम केला होता, ज्याने काम केलं त्याने स्वतःचं नाव लिहून पाठवायचं. आल्या किती तर ढीगभर, पण नावं कुणाची? हार्डवेअरवाल्याचं, शेठचं, एका नवरीचं, एका नगरसेवकाच्या कुत्र्याचं! रोज फाइलला पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाइकाचं, नाव द्यायची सवय, तीच इथेही. स्वतःचं नाव टाकायचं कुणाला सुचलंच नाही. मग मी दोन दिवस फोन घेऊन बसले, "अहो, हे केलं कुणी?" विचारत.

तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "म्हणून मी कोपरा सोडत नाही." खरंच, तुम्ही हाताने रंगवलेला एकही बोर्ड सही न करता दिला नाहीत. उजवीकडे खाली, बारीक अक्षरात, "वसंत". एका दुकानदाराने ती पुसायला सांगितली, तर तुम्ही शिडी उचलून घरी आला होतात. आई चिडली होती. मी तेव्हा सातवीत होते आणि मला तुमचा केवढा अभिमान वाटला होता!

आता खरं सांगते. मी घाबरलेय ती खुर्च्या रिकाम्या राहतील म्हणून नाही.

परीक्षक म्हणून ठाण्याहून दोन शिक्षिका आल्या होत्या. त्यांनी पहिला नंबर एका बोर्डाला दिला. अंजूरच्या बायकांच्या गटाचा बोर्ड, "हळद, मसाला कांडप". पिवळ्यावर गडद लाल, मधे भरपूर मोकळी जागा. त्या शिक्षिकांतल्या एक बाई चष्मा काढून जवळ गेल्या आणि म्हणाल्या, "ही अक्षरं कॉम्प्युटरची नाहीत. यात कुणाचा तरी हात आहे."

मला लांबूनच दिसलं होतं, बाबा. "हळद"मधला ळ. एक पोट जेवलेलं, एक उपाशी. तुम्ही मला पाटीवर तसाच शिकवला होतात, दोन्ही पोटं सारखी काढली की ळ झोपतो म्हणायचात.

बोर्ड करणारी जयश्री, अंजूरला तिचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिला फोन केला, अभिनंदन केलं. ती आधी आनंदाने ओरडली, मग म्हणाली, "ताई, खोटं कशाला बोलू? रंग माझा हाय, मांडणी माझी हाय. अक्षरं माझी न्हाय. ती डेटामधली हाय, तयार अक्षरांचा फोल्डर असतो ना. सगल्यांकडं हाय तो डेटा." स्वतः ळ न उच्चारणारी ही मुलगी तुमच्या ळच्या प्रेमात पडली, आणि खरं बोलायला तिला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मला सात वर्षं लागली.

तो डेटा मी केला, बाबा.

फ्लेक्स आला आणि तुमची कामं कमी झाली, तेव्हा मी फ्लेक्स छापायच्या मशीनच्या दुकानात बसायला लागले होते. दुकानात मराठी अक्षरांची धड चार वळणं नव्हती. मी तुमच्या जुन्या बोर्डांचे फोटो काढले, एकेक अक्षर सुटं केलं, साफ केलं. आणि कोपरा कापला. तुमची सही त्यात मावत नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं. मग कुणी मागितला त्याला पेनड्राइव्हमधून दिला. फोल्डरचं नावसुद्धा ठेवलं नाही. "न्यू फोल्डर" असंच फिरतंय ते अजून, शेलारपासून काल्हेरपर्यंत.

तुम्हाला विचारलं का नाही? कारण तुम्ही नाही म्हणाला असतात. इतकं सरळ आहे ते.

आणि मग सात वर्षांपूर्वीचा तो दिवस. मी स्कूटर चालवत होते, तुम्ही मागे. कल्याण नाक्यावर ट्रक अडकले होते. समोर फ्लेक्स होता, डेअरीच्या उद्घाटनाचा. तुम्ही बराच वेळ बघत होतात. मग माझ्या खांद्यावर बोट टेकवून म्हणालात, "संध्या, कुणी काढलंय गं हे? बरं काढलंय."

मी काय म्हणाले? "कुणी नाही, बाबा. कॉम्प्युटरमध्ये असतं ते."

तुम्ही "हं" म्हणालात. बस. ट्रक हलला, आपण घरी आलो. त्यानंतर तुम्ही ब्रश हातात घेतल्याचं मला आठवत नाही. गुडघे दुखतात म्हणायचात. गुडघेच होते ना? की मी होते?

तुम्ही ओळखलं होतंत, हो ना? स्वतःचा ळ कोण विसरेल? मग ओरडला का नाहीत? माझ्या वहीतली एक वेलांटी वाकडी गेली तर घर डोक्यावर घेणारे तुम्ही, त्या दिवशीच कसे गप्प बसलात? एकदा तरी कानाखाली वाजवायची होतीत! मी रडले असते आणि मोकळी झाले असते. तुमचा त्या बाबतीत मला राग येतो, आजही.

तुमच्या तेराव्याला मित्रांनी नाक्यावर फ्लेक्स लावला, "भावपूर्ण श्रद्धांजली". तोही त्याच फोल्डरमधून. तुमच्याच अक्षरांत तुम्हाला निरोप, आणि खाली कोपऱ्यात छापणाऱ्या दुकानाचा फोन नंबर. मी तिथे उभी राहिले आणि ठरवलं की काम करणाऱ्यांच्या नावाचं काहीतरी करायचं. पुरस्कार त्यातून निघाला. सगळ्यांना वाटतं, संध्याला समाजकार्याचा झटका आलाय. खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

बुधवारी सलीमभाईंना सांगितलं, आणि स्टेजवरूनही सांगायचं म्हटलं. ते दुकानाच्या पायरीवर बसले आणि डोकं धरलं. "बहन, तू स्टेजवर बोलेगी तो लोग क्या बोलेंगे? पहिलाच साल, और बाप का नाम! घर का अवॉर्ड बोलेंगे, पुढच्या वर्षी एक माणूस नाय येणार." मग हळूच, "वो वसंतचाचा के अक्षर थे? मैंने तो मेरी बेटी की शादी का कार्ड भी उसी में बनाया."

त्यांचं चुकत नाही, बाबा. बोलले तर हा सोहळा पहिल्याच वर्षी बदनाम होईल, आणि जयश्रीच्या यशावर बोळा फिरेल तो वेगळाच. नाही बोलले तर मी दुसऱ्यांदा तुमचा कोपरा कापेन, तेही नावासाठीच भरवलेल्या कार्यक्रमात. दोन रात्री हेच डोक्यात फिरतंय. जयश्रीलाच परत फोन केला आणि सगळं सांगितलं. म्हटलं, तू सांग काय करू. ती म्हणाली, "त्यात काय ताई? धोटा माना द्या, माझ्या हातात, नाव दोगांचं घ्या. माझा रंग कुटं पलून जातोय?"

इतकं सोपं होतं ते!

स्टेजमागचा फ्लेक्स कालच छापून आलाय. "पहिला पुरस्कार सोहळा". अक्षरं तुमचीच आहेत, मी सवयीने तीच उचलली, बघा. "सोहळा"मधला ळ माझ्या डोक्याएवढा आहे. मी तो जमिनीवर अंथरलाय आणि माळ्यावरून तुमची ब्रशची पत्र्याची पेटी उतरवलीय. आईने ब्रश धुवायला रॉकेलची बाटली आणून ठेवली. फ्लेक्सवर ऑइलपेंट नीट धरत नाही, मला माहीत आहे, तुम्ही असतात तर शिव्या घातल्या असत्यात. त्यात अठरा वर्षं ब्रश धरला नाही मी.

तरी वचन देते, बाबा. रविवारी माईक हातात आला की आधी त्या फोल्डरची गोष्ट सांगेन, कोपरा कापल्याची आणि नाक्यावरच्या खोट्याची. लोक हसोत, उठून जावोत. मग धोटा जयश्रीच्या हातात देईन. आणि तुम्ही मागून खांद्यावर बोट टेकवून जे विचारलं होतंत, त्याचं उत्तर मागच्या फ्लेक्सवर, उजवीकडे खाली, बारीक अक्षरात लिहिलेलं असेल.

अक्षर वाकडं आलं तर या वेळी मात्र ओरडा.

तुमची,
संध्या