बुसैतीन पर्ल्स कोणाच्या हवाली

मी, बर्था पायस तुस्कानो, वय वर्षे सत्तावन्न, एका हॉटेलच्या लिनन रूमची मुख्य, मूळची नंदाखाल, तालुका वसई इथली, सध्या राहणार उम्म अल हस्सम, मनामा, बहारीन, आज माझ्या स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने माझ्या मागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. जीभ त्याहून जास्त ठिकाणावर आहे, हे हॉटेलात कोणालाही विचारावे. गेले आहेत ते फक्त गुडघे, आणि गुडघ्यांनी मृत्युपत्र लिहीत नाहीत.

मरायची मला अजिबात घाई नाही. पण डिसेंबरात मी बहारीन कायमचे सोडून गावी जात आहे, आणि रेसिडेंट कार्ड परत करण्याआधी इथल्या गोष्टी ज्याच्या त्याच्या हवाली झालेल्या बऱ्या. माझा मुलगा इलायस टोरांटोहून फोनवर म्हणाला की शुक्रवार आणि तेरा तारीख एकत्र आलीय, आजच्या दिवशी नको लिहूस. मी त्याला सांगितले की आमची बेसबॉलची मॅच शुक्रवारीच असते आणि लोक शुक्रवारीच घरी सापडतात.

१. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात मी इलायसला "माझ्यामागे तुला एक चमचासुद्धा मिळणार नाही" असे काही वेळा म्हटले आहे. ते सर्व रद्द समजावे.

२. नंदाखालचे घर, विहीर आणि केळीची वाडी मी इलायसला देते. बँकेतले जे काही शिल्लक असेल तेही त्याचेच. मात्र माझी बहीण फ्लोरी त्या घरात राहते, ती जिवंत असेतो तिला कोणी "कधी जाणार" असे विचारायचे नाही. इलायसने वाडी विकायची झाली तर आधी एक पावसाळा तिथे राहून दाखवावे, मग विकावी.

३. माझ्या मयताला साधी मिस्सा करावी. शवपेटीत माझ्या डोक्यावर संघाची टोपी घालू नये, केस चपटे होतात. टोपी पायाशी चालेल.

४. राग. फ्लोरीने माझ्याच लग्नात माझी निळी चप्पल घातली होती, तो राग मी आज सोडते. चप्पल परत नको. हॉटेलच्या एका जुन्या मॅनेजरने मी चादरी चोरते की काय म्हणून एक महिना त्या रोज मोजून घेतल्या. त्याच्यावरचा राग मी सोडत नाही, तो माझ्याबरोबर येईल.

५. माझे शिलाई मशीन या मृत्युपत्रात नाही. ते मी आज सकाळी मसूदाच्या घरी हाताने पोचते केले आहे, म्हणजे ती भेट झाली. मसूदा बुसैतीनला आमच्या मैदानाच्या कडेला राहते. तिला मशीन मृत्युपत्रातून दिले असते तर ती साक्षीदार होऊ शकली नसती. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार म्हणून सही केली, तर त्याला दिलेले रद्द होते. त्याच्या बायकोने किंवा नवऱ्याने सही केली तरी रद्दच. हा नियम मला वरच्या मजल्यावर राहणारे श्री. जयप्रकाश दत्तात्रय कर्णिक, यापुढे भाऊजी, यांनी मागच्या महिन्यात चहा पिता पिता समजावून सांगितला. तेव्हा मी तो कशासाठी विचारतेय हे त्यांनी विचारले नाही.

६. आता मुख्य गोष्ट. बुसैतीन पर्ल्स हा बेसबॉलचा संघ. जी वस्तू द्यायची तिचे वर्णन मृत्युपत्रात नीट असावे लागते, असेही भाऊजीच म्हणतात. म्हणून वर्णन करते.

हा संघ धंदेवाईक आहे. इलायस त्याला "तुझा हॉबी क्लब" म्हणतो, ते चूक आहे. शहात्तर साली हॉटेल नवे उघडले तेव्हा मालकांना अमेरिकेत शिकताना लागलेले बेसबॉलचे वेड गेलेले नव्हते. हॉटेलात अमेरिकन खलाशी यायचे, जपानी इंजिनियर मुक्कामाला असायचे, जहाजे दुरुस्त करायच्या सुक्या गोदीवरचे फिलिपिनो होते. सगळ्यांना शुक्रवारी खेळायला चौथा संघ हवा होता. मालकांनी वसई-मुंबईकडची आम्ही मंडळी गोळा केली आणि खेळाडूंच्या पगारात "खेळभत्ता" अशी वेगळी ओळ घातली. ज्याला खेळायचा पगार मिळतो तो धंदेवाईक. भत्ता किती होता हे कोणी विचारू नये.

कपडे मी शिवले. मालकांनी कापडाला पैसे दिले नव्हते, म्हणून बँक्वेट हॉलचे उतरवलेले पडदे घेतले, मरून रंगाचे, सोनेरी पानांचे, आत अस्तर असलेले. जपान्यांशी झालेल्या पहिल्या मॅचनंतर त्यांचा कॅप्टन माझ्याजवळ आला, बाहीचे कापड बोटांत धरून पाहिले आणि मान लववून गेला. बेस, म्हणजे पळताना गाठायचे चार टप्पे, म्हणून मी गादीच्या खोळी शिवून त्यांत वाळू भरली. एकीचा कोपरा मसूदाच्या शेळीने खाल्ला, तो अजून तसाच आहे. मसूदा आमच्याशी आधी भांडायची, कारण आमच्या चेंडूने तिचा पाण्याचा माठ फुटला होता. महिनाभर तिने तिच्या अंगणात आलेला एकही चेंडू परत केला नाही. मग एका शुक्रवारी ती चहाची किटली घेऊन भिंतीवर येऊन बसली आणि बॅटिंगला उभ्या राहिलेल्या माणसाला म्हणाली, "यल्ला." म्हणजे चल, मार लवकर. तेव्हापासून ती आमचीच.

माझा नवरा पायस बॉयलर रूममध्ये फिटर होता आणि संघाचा कॅप्टन. तो आणि आमचे सगळे खेळाडू भात कापलेल्या शेतांत क्रिकेट खेळून मोठे झालेले. त्यामुळे चेंडू मारला की ते बॅट हातात घेऊनच पळायचे. बेसबॉलमध्ये बॅट टाकून पळतात. पहिल्या मॅचला खलाशी हसून हसून खाली बसले. तेव्हा भाऊजी पुढे आले. ते पुण्याचे, इथे बँकेत अकाउंटंट, त्यांना चेंडू मारता येत नाही आणि झेलताही येत नाही. पायसच्या हातचे कालवण खायला यायचे म्हणून मैदानावरही यायचे. त्यांनी नियमांचे पुस्तक दोनदा वाचले होते. त्यांनी सांगितले की बॅट टाकलीच पाहिजे असा नियम नाही, कोणाच्या मध्ये आली नाही म्हणजे झाले. खलाशांनी पुस्तक पाहिले आणि मान्य केले. त्या दिवसापासून चारही संघांचे अंपायर भाऊजी. आमच्या शर्टावर मी बॅट घेऊन पळणारा माणूस भरतकामाने काढला तोही तेव्हापासून.

पहिल्या वर्षी आम्ही सगळ्या मॅच हरलो. दुसऱ्या वर्षी एक जिंकलो, त्या रात्री हॉटेलच्या किचनमध्ये नाच झाला. एकोणऐंशी साली आम्ही फायनलला पोचलो. समोर जपानी. आम्ही एका धावेने मागे, शेवटचा डाव, शेवटचा गडी. पायसने असा चेंडू मारला की तो थेट मसूदाच्या भिंतीपाशी गेला. पायस पळाला. पहिला बेस, दुसरा, तिसरा, हातात बॅट. चेंडू परत आला तसा त्याने क्रिकेटमध्ये करतात तेच केले, अंग झोकून बॅट पुढे टेकवली. बॅट घरच्या बेसवर होती, जिथे पोचले की धाव होते, आणि तो स्वतः एक हात मागे. तेवढ्यात जपानी कीपरने त्याला चेंडू लावला.

भाऊजींनी हात वर केला. "पायस, आऊट."

"बॅट टेकली ना," पायस म्हणाला.

"बॅट चालत नाही. माणूस पोचायला लागतो."

जपानी कॅप्टनने स्वतः सांगितले की हवे तर तो बॉल पुन्हा खेळू. भाऊजी नाही म्हणाले. आम्ही हरलो. पायसने सगळ्यांसमोर त्यांना सांगितले की आपला माणूस असून तू हे केलेस, आता मी बोलावल्याशिवाय या मैदानात पाऊल ठेवायचे नाही. भाऊजींनी खिशातला छोटा ब्रश, ज्याने ते घरचा बेस झाडायचे, तो माझ्या हातात दिला आणि गेले. निर्णय बरोबर होता, हे पायसलाही दुसऱ्या दिवशीच कळले होते. पण तो तुस्कानो होता. "बोलावीन, बोलावीन" म्हणत पाच वर्षे काढली, आणि चौऱ्याऐंशीच्या फेब्रुवारीत शिफ्ट संपवून, हातपाय धुऊन खुर्चीत बसला तो उठलाच नाही. त्याला गावी न्यायचे सगळे कागद भाऊजींनी केले. प्रार्थनेला चर्चमध्ये मागच्या बाकाजवळ उभे राहिले. मला त्या दिवशी ते फार आपले वाटले, आणि मी ते त्यांना कधी म्हटले नाही, ते इथे म्हणते.

भाऊजी गेल्यापासून संघाची रया गेली. अंपायर म्हणून जो येई तो कोणाचा तरी माणूस असे. प्रत्येक आऊटला भांडण. जपान्यांनी यायचे सोडले, मग खलाशांनी. आता फिलिपिनो आणि आम्ही उरलो. यंदा हॉटेल विकले गेले. नव्या मालकांनी संघाचे नाव, सामान आणि मैदानाजवळची पत्र्याची शेड मला लिहून दिली. मैदानाची परवानगी माझ्या नावावर आहे, आणि मी बहारीन सोडले की ती संपते. इथे राहणारा कोणी जबाबदार माणूस पुढे आला नाही तर डिसेंबरात बुसैतीन पर्ल्स बंद.

ऑक्टोबरात मी भाऊजींना विचारले की संघ तुम्ही घ्याल का. ते म्हणाले, "वहिनी, मला पायसने जायला सांगितलं. परत ये म्हणणंही त्याचंच काम होतं." पण मसूदाने मला सांगितले आहे की दर शुक्रवारी तिच्या भिंतीमागे एक पांढरी डॅटसन उभी राहते, आत एक चष्मेवाला माणूस बसतो, आणि मॅच संपायच्या आधी निघून जातो.

७. म्हणून. पायसने आपल्या मृत्युपत्रात "माझे जे काही आहे ते सर्व आणि माझे सर्व हक्क" माझ्या नावे केले आहेत. ते मृत्युपत्रही भाऊजींनीच तपासले होते, तेव्हा त्यांना मान्य करावेच लागेल. सर्व हक्क म्हणजे सर्व. भाऊजींना मैदानावर बोलावण्याचा हक्क पायसचा होता, तो आता माझा आहे. तो मी बजावते. पायसने घातलेली बंदी मी उठवते, आजपासून.

आणि बुसैतीन पर्ल्स हा संघ, नाव, सामान, शेड, शेळीने खाल्लेल्या बेससकट, मी श्री. जयप्रकाश कर्णिक यांना देते. मी मरेपर्यंत थांबण्याची गरज नाही, परवानगीचा अर्ज माझ्या सहीने टेबलावर आहे, त्यांनी खाली सही करावी. मी मेल्यावर त्यांना मिळायचा तो फक्त ब्रश. तो मी आठ वर्षे शिलाईच्या डब्यात ठेवला आहे.

त्यांनाच का, असे आमचे खेळाडू विचारतील. तर जो माणूस आपल्या जिवलग मित्राला फायनलमध्ये आऊट देतो, त्याच्या हातात मैदान दिले की समोरचे संघ परत येतात. जपान्यांशी मी बोलले आहे. ते "कर्णिक-सान" असतील तर येतो म्हणतात.

८. भाऊजींना आणि त्यांच्या पत्नी सुनंदा यांना मी आज साक्षीदार म्हणून बोलावले आहे. त्यांनी सही केली, तर ब्रश त्यांना मिळणार नाही आणि मी समजेन की त्यांना संघही नको. मग अर्ज मी फाडीन, सामान फिलिपिनोंना देईन, आणि कोणाबद्दल काही मनात ठेवणार नाही. मॅनेजर सोडून.

सहीआधीची नोंद. वरचे सगळे मी दुपारी माझ्या हॉलमध्ये मोठ्याने वाचून दाखवले. हजर होते भाऊजी, सुनंदा, मसूदा, आणि आमचा सध्याचा कॅप्टन शैलेंद्र, ज्याला मी मुद्दाम काहीही दिलेले नाही. मसूदाला मराठी कळत नाही म्हणून शैलेंद्र तिला हिंदीत सांगत होता. वाचून झाल्यावर मी पेन भाऊजींसमोर ठेवले.

भाऊजींनी चष्मा पुसला. कागद मागून घेतला आणि पाचवे आणि आठवे कलम पुन्हा वाचले. मग त्यांनी कागद टेबलावर सुनंदाच्या बाजूला ठेवला. सुनंदाला वाटले की ते आधी तिला सही करायला सांगताहेत. तिने पेन उचलले, टोपण काढले आणि कागदाकडे वाकली.

भाऊजींनी तिचा हात धरला. "सुनंदा, तूही नको," ते म्हणाले. "आपल्याला चालत नाही."

मग त्यांनी तेच पेन घेऊन परवानगीच्या अर्जावर सही केली. मी रडले, हेही लिहून ठेवते, कारण इलायसला मी रडत नाही असे वाटते. मसूदाने शैलेंद्रला काय झाले ते विचारले. त्याने सांगितल्यावर ती म्हणाली, "खलास. अब गाडी मेरे दीवार के पीछे नहीं, सामने लगाओ."

मॅच चारची आहे. मी शिलाईच्या डब्यातून ब्रश काढून भाऊजींना दिला. त्यांनी हात मागे घेतला.

"वहिनी, हा मला तुमच्या पश्चात मिळायचा आहे."

मी म्हटले की बेस तर आज झाडायचा आहे. त्यांनी जरा विचार केला, ब्रश घेतला, आणि खिशात ठेवला.

"मग आज उसना नेतो. संध्याकाळी परत करीन. दर शुक्रवारी नेईन आणि दर शुक्रवारी परत करीन. तुम्ही वसईला गेलात की पत्राने विचारत जाईन."

हे सर्व मी लिहिले, वाचले, आणि ते माझ्या मनासारखे आहे.

सही: बर्था पायस तुस्कानो

आम्हां दोघांसमोर त्यांनी सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही:

१. शैलेंद्र वामन पाठारे, उम्म अल हस्सम
२. मसूदा (सही अरबीत), बुसैतीन

श्री. व सौ. कर्णिक हजर होते. त्यांनी सही केलेली नाही.

ठिकाण: उम्म अल हस्सम, मनामा
दिनांक: शुक्रवार, १३ नोव्हेंबर १९८७, मॅचच्या आधी